अप्पांच्या गाडीला घातलेला जादा पाटा

आमची गाडी मागून बसली, त्यात माझा काही दोष नव्हता. ती मागून उठली, तो मात्र सर्वस्वी माझाच पराक्रम.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुन्या घडणीची, पांढरी, आणि मागच्या चाकांवर बैलगाडीला शोभतील अशा लोखंडी पाट्यांच्या कमानी. माणसाची कंबर जाते तशी त्या पाट्यांची कमान गेली होती. गाडी रिकामी उभी असली तरी डिकीत कुणीतरी लपून बसलंय असं वाटायचं. मळमड्डीतल्या आमच्या गल्लीतून धारवाडच्या मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत जेवढे हंप आहेत तेवढ्या सगळ्यांवर सायलेन्सर घासायचा आणि मागच्या सीटवरून अप्पा म्हणायचे, "हळू रे, श्रीपाद." एकदा तर गाडी सिग्नलला उभी असताना म्हणाले (सवय, दुसरं काय).

तसं चाललं असतं. पण गाडी खाली बसल्यामुळं मागची सीटही खाली गेली, आणि अप्पांचे गुडघे आधीच गेलेले. आत बसणं जमायचं, बाहेर येणं जमायचं नाही. आडातून कळशी ओढावी तसं त्यांना दोघांनी ओढून काढावं लागे. शेवटी ते म्हणाले, "मी कुठं जात नाही आता." आणि खरंच जायचे बंद झाले.

आणि हे नेमकं नको त्या वेळी झालं. कारण दिवाळी तोंडावर आली होती. हुबळीत देशपांडे नगरला अप्पांची मोठी बहीण राहते. सगळं जग तिला अक्का म्हणतं, मीही. अप्पा पंच्याऐंशीला टेकलेले, अक्का त्यांच्याहून थोरली. या दोघांची भाऊबीज कधी चुकलेली नाही, आणि दरवर्षी ओवाळून झालं की अक्का म्हणते, "पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल, गुंडू." वर्षभरात त्यांची तेवढीच एक भेट. ही भेट हुकली तर तिचं ते वाक्य खरं ठरेल की काय, अशी भीती मला वाटत होती. अप्पांना तर वाटत होतीच. ते रोज सकाळी कट्ट्यावर बसून गाडीच्या मागच्या चाकाकडं बघत होते.

"अप्पा, रिक्षानं जाऊ या," मी म्हणालो.

"रिक्षानं हाडं हुबळीला पोचतील, मी नाही."

"मग भाड्याची मोठी गाडी बोलवू."

"अक्काच्या दारात माझी गाडी उभी राहते. भाड्याची कशाला?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी गाडी घेऊन हुबळीला कमरीपेठेत बसण्णाकडं गेलो. बसण्णा पाट्यांचं काम करतो, आणि करताना गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलावतो. हा त्याचा गुण आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

"पाटे काढून कमान भरतो, सर. पाहिजे तर दोन्ही बाजूला एकेक जादा पाटा घालतो. गाडीत माणसं किती असतात?"

आता बघा. याचं खरं उत्तर होतं, दोन. मी आणि अप्पा. आमची मुलं पुण्याला, सुनंदा (माझी बायको) गाडीत बसली की तिला मळमळतं. पण अप्पांचा एक जुना नियम आहे. गाडी हुबळीला निघाली की आधी फाटकात उभं राहून सगळ्या गल्लीला विचारायचं, "हुबळीला कोण येणार?" रिकामी सीट घेऊन निघणं म्हणजे त्यांच्या मते शेजाऱ्यांचा अपमान. लहानपणी मी हुबळीपर्यंतचा अख्खा रस्ता कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर बसून काढलेला आहे. त्यामुळं मी छाती काढून म्हणालो, "गाडी आमची कायम भरलेलीच असते."

"हौद्री, बरोबर. मग लोड घेऊन या. लोडवरच हाइट बसवू."

आणि मी पडलो गणिताचा प्राध्यापक. लोड म्हणजे लोड. दुसऱ्या दिवशी मी सुनंदाला, शेजारचे हुद्दार काका आणि हुद्दार काकू यांना गाडीत घातलं. हुद्दार काका वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून फक्त वाढत आलेले आहेत. अप्पांच्या जागी, साधारण अप्पांच्या वजनाचं, तांदळाचं पोतं. डिकीत फराळाच्या डब्यांच्या ऐवजी पाण्याचे कॅन.

"कुठं चाललोय आपण?" काकूंनी विचारलं.

"कमरीपेठेत."

"तिथं काय आहे?"

"तिथं नुसतं बसायचं आहे," मी म्हणालो. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली की ती आता रागावत नाही, नुसती खिडकीबाहेर बघते.

बसण्णानं जादा पाटे तयार करून ठेवलेच होते, फक्त गाडीत बसवायचे बाकी होते. ते बसेपर्यंत आमचा लोड समोरच्या दुकानाच्या पायरीवर ऊस खात बसला. मग सगळ्यांना पुन्हा आत बसवलं. बसण्णानं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून बघितली.

"बाईसाहेब, जरा मध्ये सरकता का? डावी बाजू वर येतीय."

"अहो," सुनंदा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "मला तुम्ही वजनमाप म्हणून आणलंय?"

"दोन मिनिटं. हुद्दार काका, श्वास रोखू नका. नेहमीसारखे बसा."

"मी नेहमीसारखाच बसलोय," काका म्हणाले, आणि गाडी थोडी खाली गेली.

अखेर उंची बसली. डावी-उजवी सारखी, चार बोटं, फर्स्ट क्लास. मग सगळे खाली उतरले आणि गाडीचा मागचा भाग आरामात वर आला. बराच वर आला. गाडी वाकून जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी दिसायला लागली.

"ही आता अशीच राहणार?" सुनंदानं विचारलं.

"लोड आला की खाली येते. स्प्रिंगचं गणित आहे ते. तुला सांगून कळायचं नाही."

हे वाक्य तिनं जपून ठेवलेलं आहे. अजून वापरते.

भाऊबीजेची सकाळ उजाडली. अप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून, अक्कासाठी घेतलेलं लुगडं मांडीवर घेऊन भल्या पहाटेपासून तयार. नियमाप्रमाणं ते फाटकात उभे राहिले आणि ओरडले, "हुबळीला कोण येणार?"

कुणी नाही. सुनंदाचा भाऊ आमच्याकडंच यायचा होता, म्हणून ती घरी. हुद्दार काकांची बहीण बेळगावहून आलेली, काकूंचे भाऊ वाटेत, म्हणून ते घरी. अख्ख्या गल्लीत प्रत्येक पुरुष कुणाच्या तरी ताटासमोर बसलेला, आणि प्रत्येक बाई कुणाची तरी वाट बघत असलेली. भाऊबीजेच्या दिवशी भाऊबीज असते, ही एवढी गोष्ट माझ्या गणितात आलीच नव्हती.

अप्पांनी दार उघडलं आणि सीटकडं बघितलं. सीट त्यांच्या छातीला लागत होती असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण फार नाही. अप्पा उंचीनं बेताचे. पाठमोरे होऊन टेकायला गेले तर सीट कंबरेच्या वर. मी स्टूल आणलं, तर डोकं टपावर आपटलं आणि टोपी आत, अप्पा बाहेर. मी मागून ढकललं, तर अर्धे आत गेले आणि उतरत्या सीटवरून घसरत पुढच्या सीटच्या पाठीला जाऊन चिकटले. बाहेर काढलं. त्यांच्या धोतराची इस्त्री गेली होती.

"आधी आत जाता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं," अप्पा म्हणाले. "आता आत जाणं पण बंद केलंस. बरं केलंस."

मी डिकीत तांदळाचं पोतं टाकलं, पाण्याचे कॅन टाकले, तुळशीची सोडून अंगणातली एकूण एक कुंडी टाकली. गाडी एक बोट खाली आली, म्हणून ते सगळं पुन्हा उतरवलं. अप्पा कट्ट्यावर जाऊन बसले. लुगड्याची पिशवी मांडीवर नीट सरळ केली आणि म्हणाले, "अक्काला फोन लाव. सांग तिला, यंदा नाही जमत."

मला रडायला यायचं तेवढं बाकी होतं. माणूस वर्षभर एका दिवसाची वाट बघतो, आणि त्याचा शिकलासवरलेला मुलगा दोन लोखंडी पट्ट्या घालून तो दिवस घालवतो. मी फोन हातात घेतला आणि नंबर शोधायला लागलो.

तेवढ्यात हुद्दार काकांच्या घरातून त्यांचे दोन जावई बॅगा घेऊन बाहेर आले. दिवाळसणाला आले होते आणि आता आपापल्या बहिणींकडं हुबळीला निघाले होते. सासरवाडीच्या चार दिवसांच्या पाहुणचारानं दोघांचीही प्रकृती बहरलेली.

मी चप्पल न घालता धावलो. "हुबळीला ना? या, या, बसा."

"नको हो सर, बसनं जातो. तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? उपकार होतील. दोघंही मागं बसा. बॅगा मांडीवर घ्या, खाली ठेवू नका."

हुद्दार काका दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं. कमरीपेठेचा अनुभव होता त्यांना. "जावई आहेत माझे," एवढंच ते म्हणाले.

एक जावई आधी उजवीकडून मध्ये सरकला, दुसरा त्याच्या शेजारी. गाडी सुस्कारा टाकून खाली बसली. चार बोटं, डावी-उजवी साधारण सारखी. अप्पा येऊन दारात पाठमोरे उभे राहिले, टेकले, पाय आत घेतले आणि म्हणाले, "चला." हंप आले, सायलेन्सर घासला नाही. सगळ्या रस्त्यात "हळू रे" एकदाही ऐकू आलं नाही. मी इतका खूश होतो की जावयांना वाटेत दोनदा विचारलं, बसायला बरं आहे ना? ते होय म्हणाले. सासऱ्याच्या शेजाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

अक्का दारातच उभी होती. अप्पांना उतरताना बघत राहिली आणि म्हणाली, "वाळलास की रे, गुंडू." अप्पा म्हणाले, "तू काय पैलवान झालीस?" आणि दोघंही डोळे पुसत आत गेले. अक्कानं अप्पांना ओवाळलं, मला ओवाळलं, आणि जावई काढता पाय घ्यायला लागले तशी त्यांनाही धरून बसवलं. भाऊबीजेला घरात आलेला पुरुष तसाच कसा जाईल? त्यांनी बिचाऱ्यांनी खिसे चाचपले, ताटात ओवाळणी घातली, बहिणींकडं जेवायचं असूनही इथं एकेक अनारसा खाल्ला आणि रिक्षा करून निघून गेले.

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फक्त जाण्याचा हिशेब केला होता.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. फाटकाबाहेर गाडी मागचा भाग उंच करून उभी. मी घसा खाकरून म्हणालो, "अप्पा, जरा प्रयत्न करू या."

अप्पा गाडीपर्यंत आले. सकाळी त्यांनी घामाघूम होईपर्यंत झटापट केली होती. आता सीटवर नुसता हात ठेवून बघितला. "नाही जमत," म्हणाले, आणि माघारी जाऊन अक्काशेजारी झोपाळ्यावर बसले. "तू गाडी नीट करून घे. मग येतो मी."

रिकाम्या गाडीतून, प्रत्येक हंपावर टोणग्यासारखा उधळत, मी एकटा धारवाडला आलो. सुनंदानं दार उघडलं, माझ्यामागं बघितलं आणि विचारलं, "अप्पा?" मी सांगितलं. "स्प्रिंगचं गणित," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्याच दिवशी मी बसण्णाकडून जादा पाटे काढून घेतले. गाडी अशी झाली की सुनंदासुद्धा चढून उतरून म्हणाली, आता बरी आहे. मी अप्पांना फोन केला.

"झाली गाडी. न्यायला येतो."

"डावी बाजू बघितलीस का?" अप्पांनी विचारलं. मागून अक्काचा आवाज आला, "गुंडू, पानं वाट. तुझी पाळी."

डावी बाजू बघितली. पुन्हा फोन केला. "शॉकप बघून घे. घाई करू नको," अप्पा म्हणाले. शॉकप बदलले. मग म्हणाले, नट आवळले का ते बघ. नट आवळले. शेवटी मी न सांगताच गाडी घेऊन देशपांडे नगरला गेलो.

अप्पा पाठीमागं हात बांधून बाहेर आले. गुडघे धरत धरत गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी थांबले, मान तिरकी करून बघितलं.

"अर्धं बोट वर वाटतं," म्हणाले.

"अर्धं कुठलं," अक्का झोपाळ्यावरून म्हणाली. तिला फाटकसुद्धा नीट दिसत नाही. "चांगलं एक बोट आहे."

खिशात मोजायचा टेप होता. मी तो काढला नाही. "होय की," म्हणालो, "वर वाटतं खरं." अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पत्ते खेळायला आत गेले.

त्याला आता दोन महिने होत आले. मळमड्डीत जो भेटेल तो विचारतो, "काय सर, गणित शिकवता आणि गाडीचा मागचा भाग एवढा सरळ करता येईना?"

नाही येत हो.