आखनच्या शिमग्यातलं हिरवं लुगडं

किस्से म्हणजे लहान मुलांच्या मोज्यांसारखे. शोधायला जावं तर एक सापडत नाही, आणि कधी पलंग सरकवला की भिंतीकडेला दहा निघतात. त्यातले निम्मे बिनजोडीचे! आम्ही जर्मनीतल्या आखन गावची मराठी मंडळी रविवारी एकत्र जेवतो, तेव्हा असाच पलंग सरकतो.

मंडळी म्हणजे काही मोठी सभा नव्हे. हे, मी, आमची मंजू, आणि ह्यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे दोघे, बापट आणि दिनू. शिवाय खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण फ्राऊ क्रेमर. त्यांना मराठी येत नाही, पण बटाट्याच्या भाजीपुरत्या त्या आमच्यातल्याच.

खाली सांगते ते सगळं आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यातलं.

* * *

हे डॉक्टरेटसाठी इकडे आले तेव्हा मंजू माझ्या पोटात होती. मी तिला घेऊन आले तेव्हा ती अडीच वर्षांची झालेली. जिनोआपर्यंत बोट, तिथून आगगाडी. सगळ्या प्रवासात ती सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं पांघरून झोपली. निघताना त्यांनीच घडी करून दिलं होतं, "नऊ वार आहे, कुठेही उपयोगी पडेल," म्हणून. पुढे त्याचा पदर गालाशी असल्याशिवाय पोर डोळा मिटेना.

स्टेशनवर हे बाहुली घेऊन उभे. फोटोतला बाप आणि समोरचा बाप, यांच्यात मिशी तेवढी सारखी. मंजूनं बाहुली घेतली आणि माझ्या मागे लपली. घरी आल्यावर ह्यांनी तिला स्वतः रंगवलेला छोटा पलंग दाखवला, चॉकलेट दिलं, खिडकीतून ट्राम दाखवली. तिनं सगळं नीट बघितलं, चॉकलेट संपवलं. जेवणं झाल्यावर मात्र ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आता तुम्ही तुमच्या घरी जा."

हे उठले, बूट घातले आणि खरोखरच दाराबाहेर गेले. ती झोपेपर्यंत जिन्यात उभे होते.

* * *

पुढे चार महिने हेच. ते खोलीत आले की ही माझ्या पदराआड. "बाबा म्हण," म्हटलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. हे रोज संध्याकाळी कोट काढता काढता तिच्याकडे एकदा बघत, आणि मग चष्मा पुसत बसत. मला मेलीला मुळातच काळजी करायची सवय. खोकला झाला की न्यूमोनिया वाटायचा, त्यात ही भर. पोरगी जन्मभर बापाला काकाच म्हणाली तर?

तेवढ्यात कार्निव्हल आला. आमच्या सातवीच्या भूगोलात जर्मनी एका पानात संपला होता. कोळसा, लोखंड, ऱ्हाइन नदी. कार्निव्हलचा त्यात उल्लेख नव्हता. हा इथला शिमगाच म्हणा ना. फेब्रुवारीच्या सुमाराला सगळं गाव सोंगं घेतं. बायका पुरुष होतात, पुरुष बायका होतात, आणि रस्त्यातून मिरवतात.

इन्स्टिट्यूटच्या पोरांनी ठरवलं, यंदा मिरवणुकीत सगळ्यांनी बायका व्हायचं. आमचा दिनू सांगलीकडचा. गावच्या नाटकांत त्यानं पाच वर्षं स्त्रीपार्ट केलेले. त्यानं ती सहा-सहा फुटी पोरं पाहिली. अंगात झगे, छातीला फुगे, आणि चाल कुस्तीच्या आखाड्यात उतरल्यासारखी! दिनूचा जीव कळवळला. म्हणाला, वहिनी, फुगे बांधून बाई होता येत असतं तर आमच्या मास्तरांनी मला वर्षभर नुसतं बसायला कशाला शिकवलं असतं?

मग रोज जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये शिकवणी सुरू झाली. डोक्यावर जाडी पुस्तकं ठेवून भावी इंजिनियर ओळीनं चालायचे. खांदे पाडा, पाऊल लहान, नजर समोर पण जमिनीवर. एके दिवशी प्रोफेसर कोपऱ्यावरून वळले. हेच आमच्या ह्यांचेही प्रोफेसर, ज्यांना पाहिलं की यंत्रंसुद्धा हळू आवाजात चालतात असं पोरं म्हणतात. सगळे जागच्या जागी थिजले. पुस्तकं डोक्यावरच.

प्रोफेसरांनी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना पाहिलं. मग तिसऱ्या नंबरच्या पोराजवळ थांबून म्हणाले, "हनुवटी जरा वर. माझ्या आईची चाल अशी नव्हती." आणि निघून गेले.

* * *

हे सगळं मी सासूबाईंना चिपळूणला कळवलं. इथे पुरुष लुगडी नेसून मिरवतात हे वाचून त्या काय म्हणतील? सुनेला परत बोलावून घेतील काय?

त्यांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं, शेजारच्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. "चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद. त्यात एवढं लाजण्यासारखं काय? आपल्याकडे शिमग्यात लुगडं नेसून गोमू नाचतो तो कोण असतो? तुझे सासरे लग्नाआधी दोन वर्षं गोमू होते. मी माडीवरून पाहिलं होतं. ज्याला नऊ वार असं चापूनचोपून नेसता येतं त्या माणसाला बाईचे कष्ट कळत असणार, असं वाटलं, म्हणून होकार दिला."

पत्र ह्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं. आपल्या वडिलांविषयी हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं!

खाली समासात आडवी एक ओळ होती. "पोर बापाकडे जाते का ते लिही. बाकी पाल्हाळ नको."

* * *

आता फ्राऊ क्रेमर. एरवी त्यांच्यापुढे माझी मान वर होत नसे. घराचे नियम, ज्यांना इथे हाऊसओर्डनुंग म्हणतात, ते त्यांनी जिन्यात फ्रेम करून लावलेत. दुपारी एक ते तीन आवाज नको. शनिवारी जिना पुसायचा, तोही वरून खाली. मंजू रडली की मी आधी खिडकी लावायची, मग तिला घ्यायची.

कार्निव्हलचा पहिला दिवस म्हणजे बायकांचा गुरुवार. सकाळी दार वाजलं. उघडते तर समोर ट्रामचा कंडक्टर! टोपी, लांब काळा कोट, गळ्यात शिट्टी, ओठांवर जाड मिशी. हे कामावर गेलेले. मी घाबरून मंजूला उचललं. म्हटलं, झालं, ह्यांनी ट्रामचं तिकीट काढलं नाही वाटतं, आणि हा माणूस घरापर्यंत आला.

कंडक्टरनं एकदम शिट्टी फुंकली. जिन्यात, सकाळी आठ वाजता! मग मिशीखालून फ्राऊ क्रेमरांचा आवाज आला. ते कपडे त्यांच्या वारलेल्या कंडक्टर मालकांचे, श्रीयुत म्हणजे इथल्या भाषेत हेर क्रेमरांचे होते, आणि मिशी जाळलेल्या बुचाची.

"आजपासून बुधवारपर्यंत मी हेर क्रेमर," त्या म्हणाल्या. "आणि हेर क्रेमरनी या घरात कधीच जिना पुसला नाही."

मंजू हसली. आखनला आल्यापासून परक्या माणसाकडे बघून हसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. आणि ती मिशीला भीत नाही हेही मला तेव्हाच कळलं.

* * *

त्याच गुरुवारचा बापटांचा किस्सा. त्या दिवशी बायकांना पुरुषांचा टाय कापायची मुभा असते. ही गोष्ट बापटांना कुणी सांगितली नव्हती. बापट म्हणजे कडक इस्त्रीचं माणूस. इन्स्टिट्यूटमधल्या सेक्रेटरीणबाई हसत आल्या, कात्री काढली, आणि गाठीखाली चार बोटं ठेवून बाकीचा टाय कच्चकन उतरवला. वर गालाचा मुका घेतला.

बापट जागेवर बसून राहिले. त्यांच्या मनात आलं ते असं, की आदल्या दिवशी आपलं मोजमाप चुकलं होतं त्याची ही इथली शिक्षा असावी. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी मापं पुन्हा घेतली, आणि वही प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवून उरलेल्या चार बोटं टायवर हात ठेवत माफी मागितली. मुक्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी बापट शहाणे झाले. गुरुवारी टाय घालूनच गेले. पण आमच्या ह्यांचा!

* * *

सोमवारी मोठी मिरवणूक. दिनू नऊवारी नेसून सगळ्यांच्या पुढे चालणार होता. आखनमध्ये नऊवारी एकच, मंजूचं पांघरूण. मी ते फार जिवावर येऊन द्यायचं कबूल केलं होतं, दुपारच्या झोपेआधी परत मिळेल या बोलीवर.

रविवारी दिनू बर्फावरून घसरला. पाय भोपळ्यासारखा सुजला. आता नेसायचं कुणी? बापट म्हणाले, माझा टाय गेला तेवढा पुरे. राहता राहिले हे. ग्रुप फोटोतसुद्धा मागे उभा राहणारा माणूस! मला वाटलं, साफ नाही म्हणतील. पण सासूबाईंचं पत्र डोक्यात घोळत असावं. म्हणाले, "नेसतो. पण मिशी काढणार नाही. घरात आधीच एकजण मला ओळखत नाही, त्यात आरशानंही ओळखलं नाही तर?"

सोमवारी दिनूनं खुर्चीत बसून, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून, ह्यांना इन्स्टिट्यूटमध्येच लुगडं नेसवलं. मंजूनं काही पाहिलं नाही.

मी आणि फ्राऊ क्रेमर तिला घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या. त्या कंडक्टरच्या पोशाखातच. मी मंजूच्या कोटाच्या आत पत्ता शिवला होता, मोज्यातही एक चिठ्ठी होती. बँड, मुखवटे, "आलाफ, आलाफ" अशा आरोळ्या, वरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस. एका गड्यानं झग्याचा घोळ माझ्या तोंडावरून नेला. मी तो बाजूला केला, तर हातात नुसता मंजूचा हातमोजा.

पोर नाही.

येत होते ते जर्मनचे चार शब्दही गेले. नुसता मोजा फ्राऊ क्रेमरांपुढे धरला. त्यांनी एकदा मोज्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरळ रस्त्याच्या मधोमध गेल्या, हात आडवा केला आणि शिट्टी फुंकली. आयुष्यभर त्या शिट्टीला थांबलेलं गाव ते! बँड थांबला, घोडे थांबले, मागचे मुखवटे पुढच्या मुखवट्यांवर आदळले.

त्या शांततेत मला पुढे हिरवा रंग दिसला. मंजूनं आपलं पांघरूण रस्त्यातून चालत जाताना पाहिलं होतं आणि ती त्याच्यामागे धावली होती. आता पदर दोन्ही मुठींत धरून उभी होती. हे वळून बघत होते. कपाळाला कुंकू, नाकात दिनूनं तारेची केलेली नथ, खाली मिशी.

तिनं आधी लुगडं पाहिलं, मग चेहरा.

"काका, हे माझं आहे."

"हो," हे म्हणाले. "तुझंच आहे."

तिनं जरा विचार केला. "मग मला घ्या."

ह्यांनी उचललं. तिनं पदर ओढून गालाशी घेतला, मान ह्यांच्या खांद्यावर टाकली, आणि बँड पुन्हा सुरू व्हायच्या आत झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्या अंगावर लेक आली होती. उरलेली मिरवणूक हे तिला घेऊन चालले. लोक आलाफ ओरडत होते, आणि हे त्यांना हातानं "हळू, हळू" म्हणत होते. फ्राऊ क्रेमर मला धरून चालवत होत्या. त्यांच्या मिशीचं काळं रडून रडून हनुवटीपर्यंत आलेलं.

* * *

त्यानंतर मंजू ह्यांच्याकडे जाऊ लागली, पण लुगडं असेल तरच. काका हा शब्दही तसाच. म्हणून हे संध्याकाळी घरी आले की कोट काढून खुंटीला टांगायचे, शर्टा-टायवरून लुगडं खांद्यावर घ्यायचे, पदर पुढे ओढायचे आणि मांडीवर घेऊन तिला भात भरवायचे. पेपर वाचतानाही तसेच. आम्हाला सवय झाली. सवयीचं असं असतं की दार वाजलं तर आपण काय पांघरलंय हे माणूस विसरतो.

कार्निव्हल संपून महिना होत आला होता. गाव पुन्हा गंभीर झालेलं, फ्राऊ क्रेमर पुन्हा जिन्याला हात लावून धूळ बघत होत्या. एका संध्याकाळी दार वाजलं. मी चुलीपाशी. मंजूला कडेवर घेऊन ह्यांनी दार उघडलं.

दारात प्रोफेसर. हातात ह्यांच्या प्रबंधाची पानं, दुरुस्त्या करून आणलेली. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी हिरवा पदर पाहिला, पदराखालचा टाय पाहिला, ह्यांच्या बोटांना लागलेला वरणभात पाहिला. आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की डॉक्टरेट गेली, आता परतीची बोट बघावी.

कुणी काही बोलायच्या आत मंजूनं ह्यांच्या गळ्याला एक हात घट्ट टाकला, आणि दुसऱ्या हातानं प्रोफेसरांना जिना दाखवला.

"काका, आता तुम्ही तुमच्या घरी जा. माझे बाबा मला भरवतायत."

प्रोफेसरांना मराठीचं अक्षर कळलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणते ती?

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मंजूला म्हणाले, "परत सांग बरं."

मंजूनं परत सांगितलं. या खेपेला जरा मोठ्यानं.