मुरमावरची दूर्वा

आमच्या बागेतले किस्से म्हणजे कडुनिंबाखालचा पाला. आज झाडा, उद्या पुन्हा तेवढाच! मी सरदारांच्या बागेवर कारकून. लिहिणं कमी, भांडणं मिटवणं जास्त. आणि प्रत्येक भांडणात एक नाव ठरलेलं, धायरीचा सखोबा माळी!

त्या वर्षी श्रावणात वाड्यातल्या आईसाहेबांनी बजावलं, "आपला गणपती, आपली बाग, आणि दूर्वा बाजारातून? माघातल्या गणेशजन्माला एकवीस जुड्या आपल्याच मातीतल्या हव्यात. नाही जमलं, तर वाईहून दुसरा माळी आणवते."

दूर्वा लावायची ती बागेतल्या देवळापुढची जागा म्हणजे नुसता मुरूम. पहार मारली की ठिणगी! सखोबाच्या तोंडचं पाणी पळालं. उभा जन्म या बागेत राबलेला माणूस हो, मलाच कसंतरी झालं.

*

सखोबानं पागेतली लीद मागवली आणि कुजायला ढीग घातला. मला कुठला दम! मी ताजी लीद उचलून नुकत्याच लावलेल्या कोवळ्या दूर्वेवर पसरली. चार दिवसांत गवत पिवळंधम्मक!

सखोबा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पंत, तव्यावरची भाकर थेट घशात घालता व्हय? जरा निवू द्यावी!"

त्यानंतर मी फावड्याला हात लावला नाही.

*

मग खताला बागेतला पाला पुरेना. आम्ही दोघं टोपल्या घेऊन कसब्यात गेलो. एका दारात सखोबानं हात जोडून विचारलं, "माई, आंब्याखालचा पाला न्यावा का?"

आतून आवाज आला, "न्या की. अंगणही झाडून ठेवा. आणि आंबा अजून गाळतोय, संध्याकाळी परत या!"

आम्ही गेलो हो परत. पाला चांगला होता.

*

पाल्यात शेण, राख, ओढ्याचा गाळ असं सगळं कुजलं आणि माती काळी झाली. आईसाहेब पाहायला आल्या नि दचकल्या. "सखोबा, अरे किती ही गांडुळं! काढून टाक आधी."

"नगं आईसाहेब! समद्या वाड्यात न बोलता काम करणारी एवढीच हायेत!"

आईसाहेब माझ्याकडे बघून हसल्या. मी मान खाली घातली.

*

एक दुखणं मात्र राहिलं. शिलेदार त्याच जागेतून तुडवत पागेकडे जायचे. सांगून सांगून सखोबाचा घसा बसला.

शेवटी तो देवळातल्या शास्त्रीबुवांकडे गेला. या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य! म्हणाला, "बुवा, देवाचं निर्माल्य नदीत सोडता, ते माझ्या मातीत कुजवा."

"शहाणाच आहेस! उद्या त्यावर कुणाचा पाय पडला तर?"

"तुमी असताना पडंल व्हय?"

झालं! निर्माल्य मातीत गेलं आणि शास्त्रीबुवा दिवसभर ओट्यावर बसून पहारा देऊ लागले. "अहो शिलेदार, डोळे घरी ठेवून आलात का? खाली निर्माल्य आहे!" महिनाभरात पायवाट बुजली. दूर्वा अशी दाटली की सखोबा येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा.

*

माघातली चतुर्थी उजाडली. काठाची दूर्वा रोजच्या पूजेत संपलेली, कोवळी सगळी मधोमध. सोवळ्यातले शास्त्रीबुवा परडी घेऊन आले आणि काठावरच थबकले. पाऊल टाकणार कुठे? खाली निर्माल्य! नियम त्यांचाच! तिकडे आईसाहेब निघाल्याची वर्दी आली. सखोबा पांढराफटक.

"बुवा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पाय लावायचा न्हाई ना? मग लोटांगण घाला!"

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. परडी माझ्या हातात दिली, कासोटा आवळला आणि सरळ आडवे झाले! गडगडत मधोमध गेले, पडल्या पडल्या दूर्वा खुडू लागले. दर्शनाला आलेल्यांना वाटलं, आज इथे लोटांगणाचाच विधी आहे. पाहता पाहता मागे पंधरा-वीस जण आडवे!

इतक्यात आईसाहेब आल्या. "अगंबाई! शास्त्रीबुवा, हा कसला नवस?"

बुवांनी गवतातून तोंड वर काढलं. शेंडीत माती, मुठीत दूर्वा.

"सखोबाची चाकरी राहावी म्हणून, आईसाहेब!"