तीन तालुक्यांत एक घर

घरमालकांनी जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि दिवाळीनंतर खोल्या मोकळ्या करा असं सांगितलं, तेव्हापासून मला एसटीत झोप लागेनाशी झाली. त्याआधी कोल्हापूरच्या संभाजीनगर स्टँडवर गाडीत बसले की इस्पुर्लीच्या पुढे डोळे मिटायचे ते मुदाळ तिट्ट्याला उघडायचे. मी गारगोटीच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. नवरा कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासनीस आहे. मी दक्षिणेला, तो पूर्वेला, म्हणून मधलं ठिकाण धरून आम्ही कोल्हापुरात भाड्यानं राहत होतो. लग्नापासून त्याच दोन खोल्या. त्या सोडायची वेळ येईल असं कधी वाटलंच नव्हतं.

आता खिडकीतून मला फक्त घरंच दिसायची. कुणाचा वरचा मजला रिकामा आहे, कुणाच्या गच्चीवर सळ्या उघड्या सोडल्या आहेत, कुठल्या दारावर भाड्याची पाटी आहे. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी तुंबली की मी मोबाइलवर फ्लॅटचे फोटो बघत बसायची. घरी आल्यावर नवरा विचारायचा, "काही दिसलं?" मी विचारायची, "तुम्हाला?" आणि दोघं आपापल्या मोबाइलमध्ये परत डोकं घालायचो.

मी वर्गात जे शिकवते ते घरी करून बघितलं. शहर, कागल आणि गारगोटी, तिन्हीकडं राहायचं म्हटलं तर काय? शहरात नोकऱ्या आहेत तशा नाहीतही. पण दवाखाने, शाळा, क्लास आहेत, आणि जागेचा भाव त्यांच्यामुळं चढलाय. कागलला कारखाने आहेत. तिथं बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं एका खोलीत सहा-सहा राहतात, त्यामुळं घरमालकाला कुटुंबापेक्षा तीच परवडतात. आणि गारगोटीच्या भुदरगड तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, सगळ्यात नवीन घरं आहेत आणि त्यांनाच सगळ्यात जास्त कुलपं. मुंबई-पुण्याच्या पगारावर बांधलेली स्लॅबची घरं, गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी.

हे सगळं माझ्या वडिलांना माझ्याआधी कळलं होतं. आबा एसटीत कंडक्टर होते. कागल तालुक्यातल्या आमच्या गावी, वस्तीत, ते आता एकटे राहतात. फोनवर मी त्यांना घरांच्या भावांची तुलना सांगायला लागले, तर म्हणाले, "मला विचार की. कागलच्या गाडीत सकाळी डबं चढायचं, दुपारी तेच डबं रिकामं उतरायचं. गारगोटीच्या गाडीत काजूची पोती आणि ममईला निघाल्याल्या बॅगा. कोल्हापुरातनं सुटणाऱ्या गाडीत दवाखान्याच्या पिशव्या. आणिक काय असतंय तालुक्याचं?"

"मग घर कुठं घेऊ?" मी विचारलं.

"त्ये मला कुटं म्हाईत," ते म्हणाले. "मी घर बघायला कवा गेलतो?"

त्या वर्षी बारावीच्या वर्गाला मी प्रकल्प दिला. आपला तालुका आणि शेजारचा तालुका. गावात लोक काय काम करतात, किती घरं बंद आहेत, नवीन घर कशाच्या कमाईवर उभं राहिलं, खोली भाड्यानं मिळते का. असे रकाने मीच आखून दिले. खरं सांगायचं तर तो प्रकल्प निम्मा त्यांच्यासाठी आणि निम्मा माझ्यासाठी होता.

प्रकल्प सुरू असतानाच एका रविवारी आमच्या एजंटानं शहरातला एक भाड्याचा फ्लॅट दाखवला. एजंट म्हणजे एक धडपड्या, मोठ्या आवाजाचा माणूस. तो कायम आमच्यापुढं चार पावलं चालायचा. दुसरा मजला. मालक निवृत्त होते आणि बायकोसह शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी होती. माझा नवरा पहिल्या पाळीला असला की पहाटे स्वतःचा चहा स्वतः करतो. तो त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि एजंटानं हाक मारली तरी तिथून हलला नाही. तिथंच मला कळलं की त्याला घर सापडलंय.

मालकीणकाकूंनी चहा केला. एजंटानं आधीच सांगून ठेवलं होतं, बाई कॉलेजात आहेत, साहेब कंपनीत आहेत. काकांनी गाव विचारलं. मी सांगितलं.

"अरे वा," काका म्हणाले. "तिथली दोन-तीन घरं आमच्या पाहुण्यांतली. म्हणजे तुम्ही आपल्यातलेच की."

तिथं मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात बिस्कीट होतं, हे काही कारण नव्हे. मी हसले. नवऱ्यानं कपात बघितलं. काकूंनी अजून एक बिस्कीट पुढं केलं आणि मी ते घेतलं. पुढच्या रविवारी टोकन द्यायचं ठरलं.

आम्ही जिना उतरलो. स्कूटर सुरू करण्याआधी तो म्हणाला, "करारनाम्याला आधार कार्ड लागेलच. तेव्हा कळेल त्यांना. तोवर आपण माणसं म्हणून तरी ओळखीचे झालेलो असू." मला ते पटलं. निदान पटलं असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मला एका जागी बसवेना. भांडी घासलेली परत घासली. मनात फर्निचर लावायला घेतलं की मध्येच काकांचा 'आपल्यातलेच' हा शब्द यायचा आणि कपाट अर्धवट उचलून धरल्यासारखं सगळं थांबायचं.

सोमवारी तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. घाटाकडच्या एका वाडीतनं ती यायची, दोन गाड्या बदलून. आई रोजगाराला जाते. ती आमच्यातली, हे मला माहीत होतं आणि माझंही तिला. कॉलेजात कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. तिनं वही माझ्यापुढं ठेवली. बाकीचे रकाने टापटीप भरले होते. एकच मोकळा होता.

"मॅडम, खोली भाड्यानं मिळते का, ह्या रकान्यात काय लिवू?"

"मिळते का?"

"मिळती. पण मागणारा कोण हाय, त्याच्यावर हाय." ती सरळ माझ्याकडं बघत होती. "तसं लिवू, का नुसतं व्हय लिवू?"

मी म्हणाले, "उद्या सांगते."

कारण उत्तर मला येत नव्हतं असं नाही. येत होतं. पण कालच मी स्वतः त्या रकान्यात 'होय' लिहून आले होते आणि चहा पिऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारगोटी स्टँडवर उतरल्या उतरल्या मी काकांना फोन लावला. नवऱ्याला विचारलं नाही. त्याला विचारलं असतं तर तो थांब म्हणाला असता आणि मी थांबले असते.

"काका, परवा तुम्ही म्हणालात, आपल्यातलेच. तसं नाही. आम्ही बौद्ध आहोत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. तो बारीक झाला.

"असं होय," काका म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. त्यात काय एवढं. हल्ली कोण मानतंय. मी जरा घरात बोलून कळवतो."

त्यांचा आवाज आधीइतकाच मऊ होता, म्हणून मला संध्याकाळपर्यंत आशाही होती. वर्गात गेल्यावर मी त्या मुलीला म्हणाले, "जसं आहे तसं लिही." तिनं मान हलवली आणि तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. त्याच तासाला प्रकल्प वाचायची वेळ आली तेव्हा तिनं ते वाक्य बाकीच्या वाक्यांच्याच आवाजात वाचलं. मग मुरगूडकडून येणारा एक मुलगा, शेतकऱ्याचा, म्हणाला, "मॅडम, मी नुसतं व्हय लिवलंय. आमच्यात बी तसंच हाय. बदलू का?" मी म्हणाले, बदल. अजून दोघा-तिघांनी खाली मान घालून वहीत काहीतरी खोडलं.

संध्याकाळी एजंटाचा फोन आला.

"वहिनी, त्यो फ्लॅट ऱ्हाऊ दे. काकांच्या भाच्याला पायजे झालाय."

"कालपर्यंत भाचा नव्हता."

त्यानं आवाज खाली आणला. त्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, "तुमी कशाला सांगत बसलासा? जमत आलतं की."

नवऱ्याला मी रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. तो चिडला तो काकांवर नाही, माझ्यावर. "तू एकटीनं ठरवलंस," तो म्हणाला. हे खरंच होतं. "खरं बोलायची हौस तुझी. खिडकी मात्र माझी गेली." मग मी म्हणाले की उद्या त्यांना कळल्यावर त्या खिडकीत उभं राहून तुम्हाला चहा गोड लागला असता का? तो म्हणाला, "लागला असता. मला सवय आहे." मी ताटं वाढायला घेतली. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

पुढचे दोन महिने आम्ही वणवण केली. आता मी फोनवर दुसऱ्याच वाक्यात आडनाव सांगायची, नवरा शेजारी बसून ऐकायचा. कागलला एक बाई स्पष्ट म्हणाल्या, "आमच्यात चालत न्हाय, पावणं." मला त्यांचा राग आला, पण फोन ठेवल्यावर सुटल्यासारखंही वाटलं, एक रविवार वाचला म्हणून. बाकीचे असं बोलायचे नाहीत. त्यांच्याकडं भाचे होते, रंगकाम होतं, मुलगा पुण्याहून परत येणार होता. सगळ्या तालुक्यांत भाव वेगळा, कारणं मात्र एकसारखी.

आबांना कुठून तरी समजलं. एका सकाळी ते पिशवी घेऊन आले. चहा प्यायच्या आधीच म्हणाले, "चल, गावात बांध. जागा हाय माझ्या घरामागं. कुणी विचारणार न्हाय."

"तिथं कोण विचारणार, आबा. तिथं सगळे आपलेच."

"मग वाईट हाय व्हय त्ये?"

"वाईट नाही. पण तुम्हाला तिथं बांधा म्हणून सांगितलं, म्हणून तुम्ही तिथं बांधलं. मला कुणी न सांगता बांधायचंय."

त्यांना ते लागलं. मी तसं बोलायला नको होतं. त्यांनी त्या घराच्या विटा सुट्टीच्या दिवशी स्वतः वाहिल्या होत्या, वस्तीतलं पहिलं पक्कं घर होतं ते. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मी स्टँडपर्यंत गेले, पण ते खिडकीतून बाहेर बघेनात. रात्री मीच फोन केला. बराच वेळ वाजल्यावर उचलला आणि म्हणाले, "जेवलीस का?" त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

शेवटी घर मिळालं ते विकत. शहराबाहेर, कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्यापासून जरा आत, एक इमारत बांधून तयार होती आणि निम्मी रिकामी पडली होती. लोकांना ती लांब वाटायची. माझी बस रोज त्या फाट्यावरून जायची, तरी ती मला कधी दिसली नव्हती, कारण मी फक्त भाड्याच्या पाट्या बघत होते. कर्जाचं झेपेल का याचा आम्ही विचार केला, घाबरलो आणि गेलो. बिल्डरच्या ऑफिसात एक तरुण मुलगी संगणकापुढं बसली होती. तिनं आमची आधार कार्डं घेतली, आडनाव मोठ्यानं वाचलं आणि टाइप केलं. मी खुर्चीच्या कडेवर आले होते.

"स्पेलिंग बरोबर आहे ना, मॅडम?" तिनं विचारलं.

मी बरोबर आहे म्हणाले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बघ, माणसं आहेत चांगली." मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळं मला दुसरंच सुचलं. जिथं घराला दहा गिऱ्हाइकं असतात तिथं मालकाला निवड करता येते. जिथं फ्लॅट वर्षानुवर्षं पडून आहेत तिथं निवड करणं परवडत नाही. ती मुलगी चांगली असेलही, पण आमच्यासाठी दार उघडलं ते मंदीनं. हे मी त्याला सांगितलं नाही. तो त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शीळ घालत स्कूटर चालवत होता. हाच मुद्दा मी नंतर वर्गात मागणी-पुरवठ्याच्या धड्यात सांगितला, उदाहरण आपलं आहे हे न सांगता. ती घाटाकडची मुलगी लिहायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं असावं.

राहायला येऊन आता सहा महिने होतील. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी ओटा तापतो. नवरा पहाटे अंधारातच चहा करतो आणि तक्रार करत नाही. मी मात्र अजून बसच्या खिडकीतून घरं बघते. सवय जाईना. मुदाळ तिट्ट्याजवळ एक बंगलीवजा घर रिकामं झालंय, ते मी परवाच टिपून ठेवलं.

खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. कुरुंदवाडकडच्या, नवरा बँकेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं. त्यांनी गाव विचारायच्या आत मी आमचं पूर्ण नाव सांगून टाकलं, इतक्या घाईनं की मलाच ते विचित्र वाटलं. त्या साखर ढवळत होत्या. ढवळत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं?"

त्यानंतर त्या दोनदा विरजण मागायला आल्या. एकदा मी आत बोलावलं तरी दारातूनच परत गेल्या. घाईत होत्या असं म्हणाल्या, आणि खरंच घाईत असतील. मी दार लावून घेतलं आणि जिन्यावरून त्यांची पावलं खाली उतरेपर्यंत तशीच आत उभी राहिले.