धडामचं एक पुरं गाणं

धडाम कुणाशीही बोलायला लागला की आधी बाह्या वर करायचा. भांडायचं नसलं तरी. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, देवळातल्या पुजाऱ्याशीसुद्धा. आमच्या वरच्या खोलीत तो काही वर्षं भाड्याने राहिला. तेवढ्या वर्षांत आमचं फाटक वाकलं, जिन्यातला आरसा फुटला आणि शेजारच्या दोन पोरांची नाकं सुजली. नाव चांगलं देवाचं होतं हो त्याचं. पण त्या नावाने हाक मारायला माझी जीभच वळेना, म्हणून मी आपलं धडाम ठेवलं.

मूळचा कुही गावचा. दिवसा रामदासपेठेतल्या एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत नोकरी. मोडलेले हात-पाय बांधायचे. जेवायला बसला की, आज मनगटं फार आली, एक जबडा पण होता, असं सांगायचा, जसं कुणी बाजारात काय मिळालं ते सांगावं. घरीच प्लास्टर कापून टाकणाऱ्यांवर त्याचा भारी राग. अशा एकाला कॉलर धरून त्याने बाकावर आदळलं होतं. "तुमाले हाड जुळवाचं आहे का भाकर भाजाची आहे? एवढी घाई काहून?" हे त्याला विचारलं म्हणे. साहेबांनी समज दिली ती वेगळी.

संध्याकाळी बँड. चौघं पोरं, धडाम ड्रमवर, आणि गायला मुन्ना, त्याचा गावचाच लंगोटीयार. पोटासाठी कार्यक्रमांत सिनेमाची गाणी वाजवायची, आणि सुटीला माझ्या गच्चीवर स्वतःचं गाणं बसवायचं. धानाच्या रोवणीवरचं गाणं, आपल्या बोलीतलं. एकदा मुन्नाचा ताल चुकला तर धडामने हातातली स्टिक फेकून मारली. ओठ फाटला. मग त्यालाच स्कूटरवर बसवून आपल्याच दवाखान्यात टाके घालायला घेऊन गेला. परत आल्यावर मी दारातच अडवलं. काहून गा, मित्राले असं मारते का कोणी? तर म्हणतो, "काकू, तो रोजच चुकून राहिला. आज रक्त निघालं म्हणून तुमाले दिसलं." मला असा संताप आला! पण मुन्नाच सुजलेल्या ओठाने हसत होता.

धडामला एकच पाहिजे होतं. ते गाणं एकदा लोकांपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायला पाहिजे. दर वेळी अर्ध्यातच कुणीतरी हात वर करून दुसरं लावायला सांगायचं, आणि याचं टाळकं फिरायचं. सीताबर्डीतल्या एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मित्राने, हे रडणं बंद करा म्हणत, दारूचा पेला ड्रमवर ओतला. धडामने त्याचे पुढचे दात पाडले. मग मुलाकडच्या सगळ्यांनी मिळून धडामला हॉलच्या मागे ओढत नेलं आणि लोखंडी खुर्च्यांनी झोडपलं. फाटकातून आत आला तेव्हा सदरा लालभडक, आणि उजवा हात नुसता लोंबत होता. मनगट मोडलं होतं.

प्लास्टर चढलं आणि लगेच कुहीहून मंडईचं बोलावणं आलं. दिवाळीनंतर तिकडे गावोगावी मंडई भरते, दुकानं, पाळणे, नाचगाणी, सगळं दिवसाढवळ्या. गाववाल्यांनी त्यांचंच गाणं मागितलं होतं. दुसरा ड्रमवाला न्या म्हटलं तर ऐकेना. मंडईच्या सकाळी बघते तर हा बादलीत हात बुडवून माझ्या भाजीच्या सुरीने प्लास्टर कापून राहिला. मी सुरी ओढायला गेले, त्याने बादलीच लाथेने उडवली.

"लोकायले मी कापू नका म्हणतो ते त्यायच्या भल्यासाठी," म्हणाला. "माह्यं भलं याच्यातच आहे, काकू."

त्याला एकट्याला सोडवेना. मीही गाडीत बसले.

स्टेजवर चढून स्टिक फडक्याने उजव्या हाताला बांधून घेतली त्याने. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि हात मनगटापासून भलतीकडेच वळायला लागला. मी समोरच बसले होते. तशात एक पिऊन तर्र झालेला पोरगा स्टेजवर चढला. त्याला सिनेमाचं गाणं पाहिजे होतं. धडामच्या मानेवर त्याने बुक्की घातली, मग खुर्ची उचलून पाठीत आणि डोक्यात. मला वाटलं, आता हा उठतो आणि आज मुडदा पडतो.

धडाम उठला नाही. मार खात, दात आवळून, डाव्या हाताने ठोकत राहिला. कपाळातलं रक्त ड्रमवर गळत होतं. मुन्ना गात होता, डोळे धडामवरच. लोकांनी त्या पोराला खाली ओढेपर्यंत गाणं संपलं होतं. पुरं.

मुन्नाने त्या पोराला स्टेजच्या मागे गचांडी धरून आणलं आणि धडामपुढे उभं केलं. मार याले, म्हणाला. पोराचं नाक आधीच फुटलं होतं. धडामने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाणं कसं वाटलं?"

"मस्त होतं, भाऊ."

"सोड त्याले," धडाम मुन्नाला म्हणाला.

मनगट दुसऱ्यांदा जुळलं ते वाकडंच. ड्रम वाजवणं सुटलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही खोली सोडून गावाकडे गेला. तो पोरगा मनापासून बोलला की मार चुकवायला, मी कितीदा विचार केला असेल. धडामने नाही केला. त्याला गाणं आवडलेला एक माणूस भेटला होता.