जकात नाक्यावरचा भोंडला

सुनंदाला गप्प बसणं जन्मात जमलं नाही, आणि त्याबद्दल बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या लोकांनी तिचे आभारच मानायला हवेत. नवरा गजेंद्र वाघोडियाच्या कारखान्यात, घर दोन खोल्यांचं. तिच्या महाराष्ट्रीय भगिनी मंडळाची सभा भरली की बायका पार ओट्याला टेकायच्या आणि गजेंद्र जिन्यात पेपर वाचत बसायचा. आसपास सोसायट्या भराभर उठत होत्या, दुकानं निघत होती. पण म्हाताऱ्यांना टेकायला, पोरांना अभ्यासाला जागा म्हणून नव्हती.

मग गुजरातेतली जकात उठली आणि कोपऱ्यावरचा नाका ओस पडला. दोन खोल्या, पुढे पडवी. सुनंदाने मंडळाच्या नावाने महापालिकेत अर्ज ठोकला. वॉर्डाच्या साहेबांनी तो परत केला. एकाच समाजाच्या मंडळाला सरकारी जागा देता येत नाही, तिथे दुकानं काढायचा विचार आहे, म्हणाले.

"साहेबांचं काय चुकलं?" गजेंद्र म्हणाला. "शेजारच्या हंसाबेनच्या सासूला बसायला जागा नको का?"

सुनंदाला ते झोंबलं. मंडळ तिने स्वतः उभं केलेलं. आठवडाभर तिने नवऱ्याला खिचडीवर ठेवलं. मग मंडळाचं नाव गाळून सगळ्या रहिवाशांच्या नावाने मुकाट्याने नवा अर्ज लिहिला आणि हंसाबेनना घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरली.

साहेब जागा पाहायला आले ते नेमके नवरात्रात. पडवीत भोंडला रंगलेला. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि फेरात निम्म्या गुजराती बायका. त्यांना गाणी येत नव्हती, पण टाळी पक्की होती. भोंडल्यात झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखल्याशिवाय कुणाला खायला मिळत नाही. सुनंदाने डबा साहेबांपुढे धरला.

"आधी ओळखा साहेब, मग जागा बघू."

साहेब गुजराती, पण बडोद्यातच वाढलेले. मराठी घरचं खाणं त्यांना पाठ होतं.

"श्रीखंड? पुरणपोळी? थालीपीठ? करंजी?"

बायका दर वेळी माना हलवून हसत होत्या. शेवटी साहेबांनी हात टेकले, तेव्हा झाकण उघडलं. आत गुजराती घरात करतात तो डाळ-तांदळाचा खरपूस हांडवो होता, वर तीळ पेरलेला.

"आ तो अमारो हांडवो," साहेब म्हणाले.

"में ज बनाव्यो छे," हंसाबेन म्हणाल्या.

साहेबांनी दोन तुकडे खाल्ले, खोल्या पाहिल्या आणि निघताना म्हणाले, "सुनंदाबेन, हवे ना केम पाडूं?" आता नाही कसं म्हणू, हे कळायला कुणाला भाषांतर लागलं नाही.

दिवाळीनंतर हुकूम आला आणि नाका रहिवाशांच्या समितीकडे गेला. दारावर गुजराती पाटी लागली. मंडळाचं नाव कुठेच नव्हतं. सुनंदाला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

पहिल्या संध्याकाळी आतल्या खोलीत पोरं अभ्यासाला बसली, बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्यांचे पत्ते आणि पडवीत बायका. सुनंदा घरचं उरकून पोचली तेव्हा तसूभर जागा उरली नव्हती. "सरको ने," हंसाबेननी सगळ्यांना सांगून पाहिलं, पण सरकायला कुणालाच वाव नव्हता. मग सुनंदा चौकटीला टेकून उभीच राहिली. गजेंद्र सांगतो, इतकी खूश ती लग्नातसुद्धा दिसली नव्हती.