दादांच्या नावाचा बाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, निदान तिचा तसा समज आहे.

श्रीरामपूर रस्त्यावरच्या आमच्या बागेत तुम्ही आलात, तर कुणीही सांगेल की इथले बाक माझ्यामुळे शाबूत आहेत. कुणी पाठ मोडली, कुणी खिळ्यानं बदाम कोरला, की मी पालिकेत अर्ज घेऊन हजर. गेल्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी तो घेतलाही.

पण बाक खरे सांभाळले ते मामांनी. मामा म्हणजे बागेचे माळी. उंच, काटकुळे, बोलायला गोड. बाकाचा पाय तुटला की ते तारेनं आवळत, सिमेंट भरत, वर ओलं पोतं टाकत आणि दिवसभर तिथंच राखण करत. "दोन दिस दम धरा," ते येईल त्याला सांगायचे, "शिमीट अजून वलं हाय." त्या ओल्या पोत्याचा वास मला अजून येतो. किती साधे दिवस होते ते!

दोन मोडक्या बाकांचे तुकडे जोडून मामांनी कडुनिंबाखाली एक बाक उभा केला होता. जरा तिरका, पण सगळ्यांना तोच हवा. माझे वडील — दादा — पोस्टमन, जन्मभर पायी हिंडलेले. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ते तिथंच बसून शेंगा खायचे आणि टरफलं खिशात भरून घरी आणायचे, मामांना झाडायला लागू नये म्हणून. ऑफिसातून येताना मी त्यांना घ्यायला जायचो, आणि मग आम्ही दोघंही उठायचं नाव घ्यायचो नाही. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

दादा गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ मी बागेला नवा बाक दिला. पाठीवर ठळक अक्षरांत नाव. पण तो बसवला गेला कारंज्यापाशी — भर उन्हात. कुणी बसेना. कबुतरं तेवढी बसायची. मी रोज जाऊन बघायचो. इकडे दादांच्या नावावर शिटलेलं, आणि पलीकडे निंबाखाली माणसं दाटीवाटीनं बसलेली. तुम्हाला हसू येईल — मला त्या तिरक्या बाकाचा राग यायला लागला. बाकाचा!

मे महिन्यातली दुपार होती. मामा जेवायला गेले होते. वाफ्याच्या कडेचा दगड मी उचलला आणि — हो, मीच — त्या बाकावर घातला. तीनदा. ज्यावर दादा बसायचे, त्याच बाकावर. उन्हाला दोष देऊ? डोकं अगदी शांत होतं माझं.

दुसऱ्या दिवशी मामा घमेल्यात तुकडे गोळा करत होते. "तुमी काल इथं हुता ना भाऊ? कोन दिसलं का?" मी नुसती मान हलवली. पालिकेचे साहेब आले तेव्हा मात्र माझी जीभ चालली. पोरं असतील, म्हणालो. आणि — कुणी विचारलं नसताना — मामा दुपारी झोपतात, असंही म्हणालो. ते कधीच झोपायचे नाहीत. आठवड्याच्या आत त्यांना बागेतून काढून गटारांच्या कामावर घातलं. नोकरीची शेवटची चार वर्षं त्यांनी तिथं काढली.

लोक दादांच्या बाकावर बसायला लागले. मला हवं होतं ते झालं.

निवृत्त झाल्यावर मामा एकदा बागेत आले. दादांच्या बाकापाशी थांबले, खांद्यावरच्या टॉवेलनं नाव पुसलं. "दादांचं नाव लई जपलं तुमी, भाऊ," म्हणाले. मी त्यांना बसा म्हणालो. शेजारी तासभर बसलो, आणि त्यांच्या नातवंडांची चौकशी केली.

मामा आता राहात्याला लेकीकडे असतात. एसटीनं तासाभराचा रस्ता आहे. मी गेलेलो नाही.