शेवटच्या बाकाची मालकीण

चर्चची धुणी धुणाऱ्या मावशी नम्र होत्या, आणि ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटू नये याची त्या फार काळजी घेत. वेदीवरची कापडं तीस वर्षं त्यांच्याच हातची. खळ बेताची, इस्त्री अशी की सुरकुती शोधून सापडायची नाही. कुणी कौतुक केलं की म्हणत, "छे हो, मी कोण? पायपुसणं!" आणि समोरचा पुन्हा कौतुक करीपर्यंत तिथून हलत नसत.

रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसत. प्रवचनात फादर नम्रतेवर आले की त्यांचं बोट तिकडं जाई, साऱ्या माना वळत, आणि मावशी नेमक्या त्याच क्षणी मान खाली घालीत. इतक्या वर्षांत वेळ एकदाही चुकली नव्हती.

त्या रविवारी मात्र त्या बाकावर एक निवृत्त बस कंडक्टर प्लास्टरमधला पाय लांब सोडून बसलेला.

"दादा, उठा. ही माझी जागा."

"पुढं अख्खा बाक मोकळा आहे की, मावशी."

"मला शेवटचीच लागते."

"शेवटच्या जागेला रिझर्व्हेशन कधीपासून?"

"तीस वर्षं मी इथं नम्रपणे बसतेय!" मावशी कडाडल्या. ऑर्गन नेमका तेव्हाच थांबला.

सून धावत आली नि त्यांना दंडाला धरून पहिल्या बाकावर घेऊन गेली. मावशींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रवचनात फादर सवयीनं म्हणाले, "दीन माणूस बघायचाय? तो शेवटचा बाक बघा!"

सगळे वळले. कंडक्टर तोंड उघडं टाकून घोरत होता. चर्चभर खसखस पिकली. फादरही हसले. मग म्हणाले, "बघा, याच्याकडं दाखवण्यासारखं काहीच नाही. आत्म्यानं दीन म्हणजे हेच. स्वतःला पायपुसणं म्हणवून घेणं नव्हे, देवापुढं रिकाम्या हातानं येणं."

मावशींच्या वर्मी लागलं. इतकी वर्षं त्या आपली नम्रता इस्त्री करून, घडी घालून देवापुढं ठेवत आल्या होत्या. आज तिचा पार बोळा झाला होता.

"देवा, माझ्याकडं काहीच नाही रे," त्या पुटपुटल्या. या वेळी कोण बघतंय याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

पुढच्याच क्षणी मनात आलं, काय सुंदर प्रार्थना झाली! सुनेला ऐकू गेली असेल का?

मावशींनी स्वतःला रंगेहाथ पकडलं नि रुमाल तोंडात कोंबून हसू लागल्या.

"आई, काय झालं?" सून घाबरली.

"काही नाही गं. देवाच्या सोशिकपणाचं नवल वाटलं."